ताल सगळ्यांचा, ओळ कुणाची?



दर वर्षी गणपती जवळ आले की आपल्यात तोच वाद रंगतो: ढोल-ताशा पथक हवं की नको? यंदा त्या वादात मलाही थोडं बोलायचं आहे. आणि सुरुवातीलाच सांगून टाकते, हा लेख वाचून दोन्ही बाजूंची मंडळी नाराज होण्याची दाट शक्यता आहे.

आधी घडलेली गोष्ट सांगते. गेल्या वर्षी जूनपासून दर रविवारी दुपारी आमच्या भागातल्या पथकाची तालीम एका बंद पडलेल्या मॉलच्या पार्किंग लॉटमध्ये चालायची. चाळीसेक ढोल, दहा-बारा ताशे, झांजा. माझी सोळा वर्षांची मुलगी ढोल वाजवायची. तिच्याबरोबर तिची शाळेतली मैत्रीणही यायला लागली. ही मुलगी आफ्रिकन-अमेरिकन, शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये ड्रम वाजवणारी, त्यामुळे हात आधीच तयार. चार रविवारांत ती आमच्या मुलांपेक्षा सफाईनं टिपरू चालवायला लागली. ठेका चुकला की पोरं तिच्याकडे बघून सावरायची. तालमीनंतर डब्यातला वडापाव सगळ्यात आधी तिच्या हातात पडायचा. तीन महिने हे असं चाललं.

मिरवणुकीच्या आदल्या संध्याकाळी पथकाच्या चालकांचा फोन आला. पुढच्या तीन ओळी ‘आपल्या’ मुलांच्या असतील, तिनं मागे थांबून पाणी वाटायला मदत करावी. ‘तिला वाईट वाटू देऊ नका, पण भारतातून पाहुणे येणार आहेत, व्हिडिओ तिकडे जाणार आहे.’ ती मुलगी दुसऱ्या दिवशी आलीच नाही. माझी मुलगी गेली, वाजवून आली आणि टिपरू गॅरेजमध्ये फेकून खोलीत जाऊन बसली.

मी काय केलं? काहीच नाही. मी रस्त्याच्या कडेला उभी होते. निरोप मला माहीत होता. तरी ढोल सुरू झाले तेव्हा माझे पाय हलायला लागले, आणि डोळ्यांत पाणी आलं.

ते पाणी खोटं नव्हतं, आणि तो निरोपही अपघात नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच मुळातून येतात, हे समजून घेतल्याशिवाय आपला वाद पुढे सरकणार नाही.

पुढच्याच शनिवारी आपल्यापैकी काही जण पॉटलकला जमलो होतो. मी हे सांगितलं तर उत्तर तयारच होतं. ‘बघ, आम्ही म्हणत नव्हतो? झुंडीचं मानसशास्त्र आहे हे. शंभर माणसं एका ठेक्यावर हलायला लागली की विचार संपतो.’ त्याच संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर एक संदेश फिरत होता: ढोलाच्या नादानं शरीरात सकारात्मक ऊर्जा निर्माण होते, हे आता पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनीही मान्य केलं आहे, आणि आपल्या पूर्वजांना ते आधीच ठाऊक होतं. एका बाजूला नाक मुरडणं, दुसऱ्या बाजूला ऊर फुगवणं. अभ्यास दोघांनीही केलेला नाही.

मी मानसशास्त्रज्ञ नाही. माझं पोट हृदयाच्या पेशींवर चालतं. पण या विषयावरचं संशोधन गेली काही वर्षं आवडीनं वाचते आहे, त्यातलं जे पक्कं आहे ते मांडते.

विल्यम मॅकनील हे शिकागो विद्यापीठातले नावाजलेले इतिहासकार. १९४१ साली त्यांना अमेरिकन सैन्यात भरती व्हावं लागलं. टेक्सासमधल्या तळावर शिकायला पुरेशी शस्त्रंच नव्हती, म्हणून वेळ घालवायला तासन्‌तास कवायत. हा निरर्थक प्रकार आपल्याला चक्क सुखावतो आहे, आपण स्वतःपेक्षा मोठं काहीतरी झालो आहोत असं वाटतं आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. पन्नासेक वर्षं ते हे विसरले नाहीत. १९९५ साली त्यांनी नृत्य आणि कवायत यांच्या इतिहासावर पुस्तकच लिहिलं. एका लयीत हलणारी शरीरं एकमेकांशी बांधली जातात आणि सैन्यापासून धर्मसंप्रदायांपर्यंत सगळ्यांनी याचा उपयोग करून घेतला, हा त्यांचा मुद्दा. मॅकनील यांच्याही आधी, १९१२ साली, एमिल दुरखेम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं धार्मिक समारंभांतल्या सामूहिक उन्मेषाबद्दल लिहून ठेवलं होतं.

पण इतिहासकाराची आठवण म्हणजे पुरावा नव्हे. प्रयोग नंतर झाले. २००९ साली स्टॅनफर्डच्या विल्टरमथ आणि हीथ या दोघांनी विद्यार्थ्यांचे तिघा-तिघांचे गट केले. काही गट पावलाला पाऊल जुळवून चालले, काही आपापल्या चालीनं. मग सगळ्यांना असा एक खेळ दिला की ज्यात दुसऱ्यावर विश्वास ठेवला तरच सगळ्यांचा फायदा. पाऊल जुळवून चाललेल्यांनी अधिक सहकार्य केलं. आणखी एका प्रयोगात तर त्यासाठी स्वतःच्या खिशाला झळ सोसावी लागत होती, तरीही. आणि गंमत म्हणजे मजा यावी लागते असंही नाही. आनंद वाटला नाही तरी परिणाम दिसला. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात तर चौदा महिन्यांची बाळं घेतली. संगीत लावायचं, एकीनं बाळाला झुलवायचं आणि समोरच्या बाईनं त्याच लयीत किंवा लय चुकवून झुलायचं. मग त्या बाईच्या हातून वस्तू पडतात. जिच्याबरोबर लय जुळली होती तिला वस्तू उचलून द्यायला बाळं जास्त वेळा पुढे झाली. चौदा महिन्यांचं मूल! त्याला ना संस्कृती ठाऊक, ना पूर्वज.

शरीरात काय होतं याचाही थोडा माग लागला आहे. ऑक्सफर्डच्या वल्हेकऱ्यांवर २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकट्यानं वल्ही मारली त्यापेक्षा चमूबरोबर मारल्यावर वेदना सोसण्याची क्षमता जास्त वाढलेली आढळली, मेहनत तेवढीच असूनही. २०१५ साली ब्राझीलमधल्या शाळकरी मुलांना नाचायला लावून असाच प्रयोग झाला. एकत्र, एकाच वेळी नाचणाऱ्यांमध्ये वेदना सोसण्याची क्षमताही वाढली आणि जवळीकही. एंडॉर्फिन या मेंदूतल्या रसायनाचा हा परिणाम असावा असा अंदाज आहे. अंदाजच, कारण वेदनेवरून रसायनाकडे जाणं हा आडवळणाचा रस्ता आहे.

आता ‘ऊर्जा’वाल्यांसाठी थोडं पाणी ओतते. या प्रयोगांत खोट आहे. बऱ्याच ठिकाणी प्रयोग घेणाऱ्याला माहीत असतं की कोणता गट कोणता. आणि २०२२ साली एका संशोधनात असं दिसलं की लोकांना प्रयोगाचं नुसतं वर्णन वाचायला दिलं, तरी ते जवळपास तसेच निकाल वर्तवतात. म्हणजे काही परिणाम हा अपेक्षेचा असू शकतो. तेव्हा ‘विज्ञानानं सिद्ध केलं’ ही भाषा जरा जपून. मात्र इतक्या वेगवेगळ्या पद्धतींनी, इतक्या देशांत, अगदी बाळांतही एकाच दिशेचा निष्कर्ष निघतो, तेव्हा त्यात तथ्य आहे असं मी मानते. या सगळ्यात ढोलाला, पूर्वजांना किंवा आपल्या संस्कृतीला विशेष स्थान कुठेच नाही, हेही लक्षात घ्या. पाऊल, वल्हं, झोका, काहीही चालतं.

आता माझा खरा मुद्दा. ताल बांधतो, पण कुणाला आणि कशासाठी, हे ताल ठरवत नाही.

त्याच मॅकमास्टरच्या बाळांवर पुढे आणखी प्रयोग झाले. लय जुळलेल्या बाईला मदत करणारी बाळं बाजूला बसलेल्या अनोळखी व्यक्तीला मात्र जास्त मदत करत नव्हती. तिच्या मैत्रिणीला करत होती. म्हणजे माया वाढली, पण ती सगळ्या जगासाठी नाही. आपली माणसं कोण, एवढंच ठरलं. विल्टरमथ यांनी २०१२ साली आणखी अस्वस्थ करणारी गोष्ट दाखवली: ज्याच्याबरोबर पाऊल जुळवलं त्यानं सांगितल्यावर किडे मारण्याच्या कामात लोक जास्त निमूटपणे सामील झाले. उलट बाजूला, इंग्लंडमधल्या तुंचगेंच आणि कोहेन यांच्या २०१६ सालच्या प्रयोगात मुलांचे मुद्दाम दोन गट पाडले आणि मग दोन्ही गटांतल्या मुलांना एका लयीत हलवलं, तर गटांमधली जवळीक वाढली. म्हणजे तोच ताल भिंत बांधतो आणि तोच भिंत पाडतो. फरक एवढाच की ओळ आखताना कुणाला आत घेतलं.

माझ्या प्रयोगशाळेत हे मी रोज बघते. हृदयाच्या सुट्या पेशी बशीत ठेवल्या की प्रत्येक आपापल्या गतीनं धडधडते. वाढत वाढत एकमेकींना टेकल्या की थोड्याच काळात सगळा थर एका ठेक्यावर येतो. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. पण हृदयाचे काही जीवघेणे विकार असे असतात की त्यातली लहर स्वतःभोवतीच गोल गोल फिरत राहते. तिथेही प्रत्येक पेशी शेजारणीला इमानानं साथ देत असते. साथ देण्यात खोट नाही, पण लहरीची वाट चुकलेली. म्हणून नुसती एकजीव हालचाल बघून मी कधी खूश होत नाही आणि घाबरतही नाही. लहर कुठून निघाली आणि कुठे चालली, हे आधी बघते.

आता आपल्या वारीकडे बघू या. इरावती कर्वे वारीत चालल्या आणि ‘वाटचाल’ हा लेख त्यांनी लिहिला. त्याचा इंग्रजी अनुवाद १९६२ साली प्रसिद्ध झाला, आणि आजही परदेशातल्या विद्यापीठांत तो वाचला जातो. त्यांची दिंडी एक, अभंग एक, टाळ-मृदंग एक. पण ब्राह्मणांचा स्वयंपाक वेगळा आणि मराठ्यांचा वेगळा. दिवसभर एका पावलानं चाललेली माणसं संध्याकाळी दोन चुलींपाशी जायची. बाईंना ते डाचत राहिलं. त्या मराठा बायकांच्या पंगतीला जाऊन जेवल्या, आणि त्यानंतर त्या बायकांशी त्यांची खरी जवळीक झाली. मला हा आपल्या विषयावरचा उत्तम क्षेत्र-अभ्यास वाटतो. पावलांनी जे अर्धवट ठेवलं ते पंगतीनं पुरं केलं. आणि पंढरपुराचं काय? शतकानुशतकं लाखो लोक नाचत-गात तिथे पोचले. चोखोबांची समाधी मात्र महाद्वाराबाहेरच राहिली. विठ्ठलाचं दार दलितांना उघडायला १९४७ सालचं साने गुरुजींचं उपोषण लागलं. ताल होता, भक्ती होती, ओळ मात्र जुनीच होती.

मग पुरोगाम्यांनी तालापासून लांब राहावं? इथेच माझं आपल्या मंडळींशी भांडण आहे.

आपण असं वागतो की जणू शरीर ही प्रतिगाम्यांची मालमत्ता आहे. त्यांनी संचलन करावं, आपण परिसंवाद घ्यावा. पण आपला वारसा असा नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेतून बाबासाहेबांच्या मागे हजारो माणसं मिरवणुकीनं चवदार तळ्याकडे गेली. पाणी पिण्याचा हक्क भाषणातही सांगता आला असता. पण ज्या रस्त्यावरून चालायची चोरी होती तिथून एकत्र चालत जाणं हेच अर्धं उत्तर होतं. सत्यशोधकांचे आणि आंबेडकरी चळवळीचे जलसे होते. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक गिरणगावात डफ घेऊन उभं राहायचं. आणि १९४१ साली एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दलाची नव्यानं उभारणी झाली, तेव्हा त्यांच्यासमोर १९२५ पासून चालत आलेल्या संघाच्या रोजच्या शाखा होत्या. सेवा दलानं त्याला उत्तर म्हणून निबंध लिहिला नाही. त्यांनीही शाखा काढल्या. लेझीम, खेळ, समूहगीतं, मुलं-मुली एकत्र, सगळ्या जातींची. वसंत बापट, निळू फुले यांच्यासारखी माणसं त्यांच्या कलापथकात होती. आपल्यातल्या कित्येकांचे आईवडील त्या मैदानावर लेझीम खेळलेले आहेत. त्यांची मुलं असणारे आपण आज ढोल दिसला की कानावर हात ठेवतो!

ताल आपण सोडला म्हणून ती जागा रिकामी राहत नाही. आपली मुलं शाळेच्या बँडमध्ये, स्टेडियममध्ये, नाहीतर दुसऱ्या कुणी आखलेल्या ओळीत पाऊल टाकणारच आहेत. आणि मुलांचंच कशाला? वीस-बावीस वर्षांपूर्वी मी इथे शिकायला आले तेव्हा पहिल्या सप्टेंबरात एका अनोळखी मराठी कुटुंबाच्या अपार्टमेंटमध्ये आरतीला उभी राहिले. मी तेव्हाही नास्तिक होते, आजही आहे. पण पंधरा माणसांबरोबर टाळ्या वाजवल्या आणि त्या रात्री पहिल्यांदा या देशात मला नीट झोप लागली. हे अनुभव आपल्यापैकी किती जणांचे आहेत, आणि किती जण ते चारचौघांत कबूल करतात? आपल्या बैठकीला मात्र तीच बारा-पंधरा डोकी, पॉवरपॉइंट, चर्चा, पार्किंग लॉटमध्ये हस्तांदोलन. तरुण पिढी येत नाही म्हणून आपण हळहळतो. त्यांनी यावं कशाला? खुर्चीत बसून आपलं म्हणणं ऐकायला?

‘पण त्यात झुंड होण्याचा धोका आहे,’ हा आक्षेप मी उडवून लावत नाही. धोका खराच आहे, वर सांगितलेले किड्यांचे प्रयोग त्याचेच आहेत. पण विस्तव पोळतो म्हणून चूल बंद करत नाहीत, मुलांना हाताळायला शिकवतात. म्हणून बाहेरून टीका करण्यापेक्षा आत जाऊन काही गोष्टी मागू या. जो तालमीला आला तो ओळीत, दुसरा निकष नाही. पुढच्या ओळीत कोण, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं; आडनाव, रंग, पाहुणे, व्हिडिओ बघून नाही. ढोल खाली ठेवले की सगळ्यांनी एका पंगतीत जेवायचं, आणि स्वयंपाकातही सगळ्यांचे हात लागायला हवेत. कुणाच्या विरोधात असलेली कोणतीही घोषणा ठेक्यावर द्यायची नाही. आणि कुणालाही, कधीही, कारण न देता ढोल उतरवून बाजूला उभं राहता यायला हवं, तसं केल्यावर ग्रुपवर त्याची खिल्ली उडता कामा नये. ज्या तालातून बाहेर पडता येत नाही त्याला मी ताल म्हणत नाही.

यात नवीन काय, असं कुणी म्हणेल. नवीन काहीच नाही. पण आमच्या पथकात यातलं एकही पाळलं गेलं नाही, आणि ते पाळायला हवं असं म्हणणारं तिथे कुणीच नव्हतं, कारण असं म्हणू शकणारे सगळे त्या दिवशी घरी बसून ढोलाच्या आवाजावर टीका करत होते. आणि जी एक जण तिथे हजर होती, ती रडत उभी होती.

नोव्हेंबरमध्ये मी मंडळाच्या कार्यवाहांना पत्र लिहिलं. उत्तर यायला सहा आठवडे लागले. ‘गैरसमज झाला, हेतू वाईट नव्हता’ असं ते उत्तर होतं. मला वाटतं ते खरं बोलत होते. हेतू वाईट नसतोच. चालकांना ती मुलगी आवडत होती, तिचं वाजवणंही आवडत होतं. फक्त ‘आपण’ म्हणताना डोळ्यांसमोर जे चित्र येतं त्यात ती नव्हती, तीन महिने शेजारी उभी असूनही. ते चित्र ढोल आपोआप बदलणार नाही. ते माणसांनी बदलावं लागतं, आणि त्यासाठी ओळीत उभं राहावं लागतं.

मुलीच्या मैत्रिणीला मी स्वतः भेटले, माफी मागितली. ती शहाणी पोर, म्हणाली, ‘इट्स ओके.’ ओके नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. यंदा येशील का, असं विचारायची मला हिंमत झाली नाही. माझ्या मुलीनं विचारलं. उत्तर अजून आलेलं नाही.

जूनच्या पहिल्या रविवारी तालीम पुन्हा सुरू होते आहे. मी पथकात नाव दिलं आहे, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, झांज वाजवायला. वरच्या सगळ्या मागण्या लिहून पहिल्याच दिवशी मांडणार आहे. एकटीनं मांडल्या तर त्या एका चिडक्या बाईच्या तक्रारी ठरतील. दहा जणांनी झांजा हातात घेऊन मांडल्या तर त्या पथकाच्या मागण्या होतील. तेव्हा यायचं असेल तर कळवा. कानात घालायला बोळे आणि प्यायला पाणी घेऊन या. आणि येताना कुणाला तरी बरोबर आणा, शक्यतो मराठी न बोलणाऱ्या कुणाला तरी.

नाराज झालेल्यांनीही जरूर लिहा. उत्तर देईन.

आपली,
एक वाचक-सभासद